पायाळूचा पाय

मी जन्मले ती पायाकडून. आधी पाय बाहेर आले, मग डोकं. यात माझं काही कर्तृत्व नाही, आणि आईचे तेव्हा जे हाल झाले त्यांची आठवण कुणी काढत नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त माझा पाय. आमच्या श्रीगोंद्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूने पाठीवर पाय ठेवला की उसण उतरते, लचक जाते असं मानतात. शाळेत होते तेव्हापासून आमच्या ओट्यावर माणसं पालथी पडायची आणि मी दप्तर बाजूला ठेवून त्यांच्या कमरेवरून उजवा पाय फिरवायची. लग्न होऊन सासरी आले तर तिथेही तेच. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, शिवणकाम येतं का ते विचारलं नाही. पायाळू आहे हे खरं ना, एवढंच विचारलं.

आज त्याच उजव्या पायात प्लास्टिकचा साचा घालून मी हे लिहिते आहे. साचा काढला की चवडा खाली लोंबतो आणि चालताना बोटं जमिनीला अडकतात. गुडघ्याखाली दोन्ही बाजूंना लांब व्रण आहेत. कुणी कीव करावी म्हणून मी लिहीत नाही. मला राग आलेला आहे, तो अजून गेलेला नाही, आणि घरात सगळ्यांना तो आता जुना वाटायला लागला आहे. तो कुणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून लिहिते.

हलतंय म्हणजे मोडलं नाही

सकाळी गोठा धूत होते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडे शिवायला असतात, पण आधी गोठा आणि मग मशीन हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. कुत्रं आत घुसलं, जर्सी गाय बुजली, मी शेणावरून घसरले. पाय गव्हाणीच्या कडेला अडकला आणि मागे सरकलेल्या गाईचा सगळा भार माझ्या नडगीवर आला. ती बाजूला होईपर्यंत मला ओरडताही आलं नाही.

रक्त फारसं नव्हतं, नुसतं सालपट निघालं होतं. आमचे हे धावत आले. मला उचलून बाजेवर ठेवलं आणि म्हणाले, "बोटं हलव बरं."

मी हलवली.

"हलत्यात. मग मोडलं न्हाई काही."

हे वाक्य मी आता कुणाच्याही तोंडून ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मोडलेल्या पायाचीही बोटं हलतात. आणि हाड मोडलं नाही म्हणजे पाय ठीक आहे, हे तर त्याहून खोटं. मी तेव्हाच म्हटलं होतं, नगरला जाऊ, पायाचा फोटो काढून घेऊ. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. यांनी मान डोलावली, मोटारसायकलची किल्लीही घेतली. तेवढ्यात आत्या चुलीजवळून उठून आल्या.

"नगरला नेलं की प्लास्टर घालत्यात. पायाळूच्या पायाला प्लास्टर घालायचं नसतं. पाय कोंडला की गुण जातो."

"आत्या, लई दुखतंय."

"दुखंलच की. गाय पडलीय, मांजर न्हाई. तात्यांना बोलव रं."

किल्ली तीच, फक्त वाट बदलली. शेजारच्या गावचे तात्या हाडं बसवतात, त्यांना घेऊन यायला हे मोटारसायकलवर गेले. माझा पाय, माझं दुखणं, आणि मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुखलं म्हणजे बसतंय

तात्या वाईट माणूस नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाला कुणी आपला पाय हातात देत नाही. त्यांनी नडगीवरून अंगठा फिरवला, "नळी तडकलीय, पर बसंल," म्हणाले. अंड्याचा बलक आणि कसलासा पाला वाटून थापला, चहूबाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी पाय आवळला. एक पाय बाजेला टेकवून, दोन्ही हातांनी ओढून आवळला. मी ह्यांचा हात धरला होता, त्यांच्या मनगटावर माझी नखं उमटली.

"तात्या, जरा सैल करा."

"सैल केलं की बसत न्हाई, पोरी. दुखंल. दुखलं म्हंजी बसतंय असं समज."

मग दुपार झाली, आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. गाय पायावर आली तेव्हा दुखलं होतं ते वेगळं. हे पोटरीच्या आतून येत होतं, फुगवत होतं, फाडत होतं. पाय कसाही ठेवला तरी फरक पडत नव्हता. बोट जरा वर केलं तरी पोटरीत कळ जायची. मी सांगत होते आणि ज्याला सांगेन तो म्हणत होता, बसतंय.

त्याच दुपारी गल्लीतल्या कमळाकाकू कमरेला हात लावून आल्या. उसण भरली होती. मी बाजेवर तळमळतेय हे त्यांना दिसत होतं. त्या थोड्या घुटमळल्या. आत्याच म्हणाल्या, "सुमन, उजवा न्हाई तर डावा तरी ठेव तिच्या कमरंवर. दारात आलेल्या माणसाला माघारी लावू ने."

मी भिंतीकडे तोंड केलं. काकू ओट्यावर पालथ्या पडल्या होत्या, त्या बराच वेळ तशाच पडून राहिल्या, मग उठून गेल्या. संध्याकाळी यांनी गावातल्या डॉक्टरांना आणलं. ते दारातूनच घाईत होते. लुगड्यावरूनच इंजेक्शन दिलं, "उद्या बरं वाटेल" म्हणाले. पट्टीतून बाहेर आलेली माझी बोटं बारक्या वांग्यांसारखी झाली होती, पण ती दिसायला त्यांना माझ्या पायाकडे बघावं लागलं असतं.

सुई

पहाटे दुखणं कमी झालं.

ही ओळ वाचून तुम्हालाही बरं वाटलं असेल. आमच्या घरात सगळ्यांना वाटलं. आत्यांनी देवापुढे दिवा लावला, "उतरलं बघ" म्हणाल्या, चहाही त्यांनीच आणून दिला. मी चहा घेतला आणि बोटं हलवायला गेले. बोटं जागची हलेनात. हाताने अंगठा धरला तर तो गार होता, आणि अंगठ्याला माझा हात लागलेला कळत नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा धरल्यासारखं वाटलं.

बाजेशेजारी मशीन होतं. उशीला टोचून ठेवलेली सुई घेतली आणि पावलाच्या वरच्या बाजूला टोचली. काही नाही. आणखी आत टोचली, रक्ताचा थेंब आला. तरी काही नाही. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते मी. सुई बोटात गेली की काय होतं ते शिवणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार.

मग मशीनच्या खणातली मोठी कातर घेतली, जाड कापडाची. कामट्यांच्या खाली सरकवली आणि वरपासून खालपर्यंत पट्ट्या कापल्या. आत्या किंचाळल्याच.

"अगं, काय करतीस? लोखंड लावतीस त्या पायाला?"

"आत्या, बाजूला व्हा."

लग्नानंतर त्यांना मी पहिल्यांदाच असं बोलले. पट्ट्या सुटल्या तशी पोटरी खाली पसरली नाही. ती तशीच राहिली, कडक, पाटावरवंट्याच्या पाट्यासारखी. कातडी ताणून चकाकत होती. हे दुधाची किटली हातात घेऊन दारात उभे होते. पाय बघून त्यांचा चेहरा उतरला, आणि तरी त्यांच्या तोंडून निघालं काय, तर, "डेअरीत दूध घालून येतो, मग निघू."

मी म्हटलं, "घालून या. तोवर मी रांगत रस्त्यावर जाते."

किटली त्यांनी तिथेच ठेवली. शेजारची पिकअप निघाली, मागे गोधडी टाकून मला झोपवलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक, पुढे जाता येईना. त्या दिवसापासून ऊस बघितला की मला चीड येते, आणि आमच्या घरी दुसरं काही पिकत नाही.

आईला विचारतो

नगरच्या दवाखान्यात मनीषा, आमची मुलगी, फाटकातच उभी होती. ती नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी करते. मी वाटेतून फोन केला तेव्हा ती कामावर होती. तशीच कंपनीच्या कपड्यांत निघून आली होती.

आतल्या डॉक्टर मॅडम वयाने लहानच होत्या. त्यांनी पोटरी दाबली, अंगठा हळूच वर केला आणि मी ओरडले. वर मेलेला आणि आत जिवंत, असा तो पाय होता. मॅडमनी विचारलं, "पट्टी कुणी बांधली होती?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "गावात बांधली."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला सांगितलं, आणि साध्या शब्दांत सांगितलं. पोटरीतल्या मांसाभोवती घट्ट आवरण असतं, ते ताणत नाही. मार लागला की आत सूज येते, तिला जागा नसते. वरून आवळलं की होती तीही जागा जाते. मग रक्त आत पोचत नाही, नसा आणि मांस मरायला लागतं. हाडाला बारीक तडा होता, तो एरवी कितीतरी साधेपणाने भरून आला असता. आता पोटरी दोन्ही बाजूंनी उघडावी लागणार होती, लगेच. पाय राहील का, हे आत गेल्यावर कळणार होतं.

सहीचा कागद आला. ह्यांनी खिशातून मोबाईल काढला. "थांबा जरा, आईला विचारतो."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, माझ्या तळपायाला तर काही कळत नव्हतं, तरी आग मस्तकात गेली. मी मनीषाला म्हटलं, पेन दे. आणि माझ्या पायाची सही मी केली. अक्षर वेडंवाकडं आलं. पण ती सही आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली सही आहे.

वॉर्ड

शुद्धीवर आल्यावर पहिला हात मी खाली नेला. पांघरुणाखाली पाय होता. मी रडले, मग झोपले.

पोटरी त्यांनी शिवली नव्हती. सूज उतरेपर्यंत उघडीच ठेवतात. मेलेलं मांस काढून टाकायचं, धुवायचं, पुन्हा बांधायचं. ड्रेसिंगची ट्रॉली वॉर्डात शिरली की तिच्या चाकांच्या आवाजानेच मी पलंगाची कड घट्ट धरायची. भीती आधी रात्रीची वाटायची, मग ट्रॉलीची, मग घरी जायची. पुढे मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली, आणि ती मांडी पोटरीपेक्षा जास्त दुखली. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवते.

चांगलंही काही होतं. वॉर्डातल्या मावशी सकाळी कामं उरकली की माझे केस विंचरून वेणी घालायच्या. "पाय दुखतोय म्हणून डोकं कशाला विस्कटलेलं ठेवायचं?" म्हणायच्या. त्या वेणीने मला जेवढा धीर दिला तेवढा भेटायला आलेल्या सगळ्या नातेवाइकांनी मिळून दिला नाही. नातेवाईक यायचे आणि विचारायचे, "पण मुळात पट्टी सोडलीच का?"

कारण आत्यांनी गावात तसंच सांगितलं होतं. तात्यांनी पाय नीट बसवला होता, दुखणं उतरलंही होतं, हिने कातर लावली, पायाळूच्या पायाला लोखंड लागलं आणि पाय बिघडला. त्या दवाखान्यात आल्या तेव्हा पलंगाशेजारी बसून समोरच्या बाईलाही हेच सांगायला लागल्या. मनीषा म्हणाली, "आजी, कातर लावली म्हणून पाय अंगाला हाय. न्हाईतर पायाळूला पाय राहिला नसता." आत्या उठून खिडकीपाशी गेल्या. नंतर नातेवाइकांना त्यांनी सांगितलं की शहरात राहून पोरीला तोंड फुटलंय.

हे मात्र पलंगाशी फार वेळ थांबायचे नाहीत. सकाळी डबा आणायचे आणि ट्रॉली आली की खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. एक दिवस मी सिस्टरना म्हटलं, आज यांना आत थांबू द्या. यांना सांगितलं, "आज बघायचं. हालतंय म्हंजी मोडलं न्हाई म्हणाला हुता ना, आता आत काय हुतं ते बघा." पट्टी निघाली. त्यांनी बघितलं. नळाशी जाऊन ओकले, तोंड धुऊन परत आले, आणि माझा पाय धरून उभे राहिले. त्या दिवसापासून ते टपरीवर गेले नाहीत. माफी त्यांनी कधी मागितली नाही. मला ती हवी होती, अजून हवी आहे.

तुमच्यासाठी

मी डॉक्टर नाही. मला मॅडमनी सांगितलेलं आणि माझ्या पायाने शिकवलेलं एवढंच सांगते. पायाला मार लागल्यावर दुखणं तासागणिक वाढत असेल, गोळी-इंजेक्शनाने हटत नसेल, पोटरी दगडासारखी लागत असेल, बोटं वर केल्यावर आत कळ जात असेल, तर थांबू नका. मुंग्या आल्या, बधिर झालं, बोटं गार, पांढरी किंवा काळीनिळी पडली तर मुळीच थांबू नका. पट्टी असेल तर सैल करा, चोळू नका, शेकू नका, आणि ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना गाठा. पाय वाकडा दिसत असेल, त्यावर भार देता येत नसेल, जखमेतून हाड दिसत असेल तरी तेच. आणि अशा पायाचं दुखणं अचानक थांबलं तर देवापुढे दिवा लावत बसू नका. गाडी काढा.

घरचे उद्या म्हणतील. उद्या जाऊ, दूध घालून जाऊ, आईला विचारून जाऊ. ज्याचा पाय आहे त्याने आज म्हणावं. ओरडून म्हणावं लागलं तरी म्हणावं. बाईमाणसाने तर दोनदा ओरडावं, कारण पहिल्यांदा ओरडलेलं कुणी मोजत नाही.

गुण

मशीनला आता मोटर बसवली आहे, डाव्या पायाने चालवते. मॅडम म्हणतात, नसेची काही खात्री देता येत नाही, व्यायाम सोडू नका. मी सोडलेला नाही. पण बराच वेळ गेला आहे, आणि पावलाच्या वरच्या बाजूला अजून काही कळत नाही.

एवढं होऊनही लोक यायचे थांबले नाहीत. उलट वाढले. पायाने एवढं सोसलं म्हणजे गुण दुप्पट झाला असणार, असा हिशोब. मी दारातूनच परत पाठवते आणि आत्या माझ्याशी दिवसभर बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात कमळाकाकू आल्या, पण या वेळी स्वतःच्या कमरेसाठी नाही. त्यांची सून रेश्मा स्कूटीवरून पडली होती. तिच्या नवऱ्याने आणि एका शेजाऱ्याने खुर्चीतून उचलून आणली. पायाला कामट्या, वर धोतराच्या पट्ट्या. ती खालचा ओठ दाताखाली धरून बसली होती.

"सुमन, तू नुसता पाय लाव," काकू म्हणाल्या. "तात्यांनी बांधलंय, पर दुखायचं राहीना."

मी पाय लावला नाही. रेश्माचा अंगठा धरला आणि वर केला. ती अशी ओरडली की मी तो आवाज ओळखला. पोटरीला हात लावला. मग खणातून तीच कातर काढली. काकू मधे आल्या, आत्या ओट्यावरून उतरल्या, मी कुणाचं ऐकलं नाही. पट्ट्या कापल्या आणि ह्यांना हाक मारली. हे गोठ्यात होते, किटली हातात होती. त्यांनी किटली खाली ठेवली, काही न विचारता शेजारची पिकअप काढली, तिला मागे झोपवलं, आणि रेश्माच्या नवऱ्याला शेजारी बसवून थेट नगर गाठलं. माझ्यावर उपकार नाहीत ते, पण ती किटली खाली ठेवलेली मी बघितली.

रेश्माचा पाय वेळेत उघडला. मांस मेलं नव्हतं, नस शाबूत होती. परवा ती काकूंच्या मागून स्वतःच्या पायाने आमच्या अंगणात आली, जराशी लंगडत. काकूंच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस होता. मी ओट्यावर साचा काढून पाय मोकळा ठेवून बसले होते. काकू वाकल्या आणि दोन्ही हात माझ्या उजव्या पावलावर ठेवून त्यावर डोकं टेकवलं.

"तुझ्या पायाचा गुण आला, सुमन. तुझ्या दारात आणली अन् पोरीचा पाय वाचला."

"मी सांगतच हुते," आत्या मागून म्हणाल्या. "गुण कुठं जात न्हाई."

मला वाटलं ओरडावं. ओरडले नाही. म्हटलं, "काकू, हात काढू नका. चिमटा घ्या मला."

त्या गोंधळल्या.

"घ्या. जोरात घ्या, पावलावर."

त्यांनी भीत भीत चिमटा घेतला. मी म्हटलं, आणखी जोरात. त्यांची नखं कातडीत रुतली, लाल वळ उमटला. रेश्मा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लागलं का गं?" काकूंनी विचारलं.

"न्हाई. तुमी पायावर डोकं ठेवलं ते बी मला तुमच्याकडं बघून कळलं."

आत्या उठून आत गेल्या. काकूंनी हळूच हात मागे घेतले. तेही मला बघूनच कळलं.